युद्ध, वृत्तपत्रे आणि अंधेरीचा चित्रकार

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय आपल्या विहारातल्या तरुण मुलांनी सुचवला आहे. युद्धाच्या विरोधात काढलेली चित्रं आणि ठसे. विषय ऐकल्यावर एक-दोन ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, वर्धापनदिनाला हा कसला विषय? बाबासाहेबांवर बोला, धम्मावर बोला." त्यांना मी तेव्हा जे सांगितलं तेच आधी तुम्हाला सांगतो, म्हणजे विषयाला हात घालता येईल.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाचा गृहत्याग कसा सांगितला आहे ते आठवा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो रात्री गुपचूप निघून गेला, ही जुनी गोष्ट बाबासाहेबांनी स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झालं. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ उभा राहिला आणि त्याने विरोध केला. दोन माणसं आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, असे पाच जण बसून हा तंटा मिटवू द्या, असं त्याने सुचवलं. बहुमत युद्धाच्या बाजूने गेलं. आणि त्या विरोधाची किंमत म्हणून त्याला घर सोडावं लागलं. म्हणजे आपल्या धम्माची पहिली पायरीच युद्धाला 'नाही' म्हणण्याची आहे. मग युद्धाविरुद्ध चित्र काढणाऱ्या माणसाची ओळख विहारात करून द्यायची नाही तर कुठे करून द्यायची?

दुसरा दाखला सम्राट अशोकाचा. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख माणसं पकडून नेली गेली, आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेली. हे आकडे कुठल्या शत्रूने लिहिलेले नाहीत. जिंकलेल्या राजाने स्वतःच्या तेराव्या शिलालेखात ते कोरून घेतले आणि वर आपल्याला पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं. आजवर किती राजांनी असं केलं? हे लेख राजवाड्याच्या आत ठेवलेले नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत असे खडकांवर, वाटांवर कोरलेले होते, आणि लोकांच्या भाषेत होते. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे आपल्या बोरिवलीच्या पुढे नालासोपाऱ्याला सापडले आहेत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना तिथे आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पोरांना राणीची बाग दाखवता तसा एकदा तोही दाखवा.

सांगायचा मुद्दा असा, की रस्त्यावर उभं राहून युद्धाबद्दल खरं सांगणं ही आपल्या मातीतली दोन हजार वर्षांची रीत आहे. फरक एवढाच, की राजाजवळ खडक होता आणि कोरणारे कारागीर होते. गरिबाजवळ काय? गरिबाजवळ कागद, शाई आणि ठसा. त्या ठशाच्या जोरावर एका माणसाने इंग्रज सरकारला हैराण केलं. पुढे तो माणूस आपल्याच उपनगरात, अंधेरीत, अनेक वर्षं राहिला, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचं नावही ठाऊक नाही. त्याचं नाव चित्तप्रसाद.

चित्तप्रसाद यांचा जन्म १९१५ साली बंगालमध्ये नैहाटीला झाला. घराणं भट्टाचार्य, म्हणजे ब्राह्मण. या माणसाने जातीची खूण नको म्हणून आडनाव टाकून दिलं आणि आयुष्यभर चित्रांवर नुसतं 'चित्तप्रसाद' लिहिलं. आडनाव ऐकून पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचं हे ठरवणाऱ्या देशात ही साधी गोष्ट नाही. चित्रकलेची मोठी पदवी त्यांच्याकडे नव्हती. पाहून, करून, घासून शिकलेला माणूस. तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि पक्षासाठी भित्तिचित्रं, पोस्टर, व्यंगचित्रं काढू लागले.

आता १९४३ सालाकडे या. दुसरं महायुद्ध चालू होतं. जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी बंगालमध्ये उतरले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतून धान्य उचललं, लोकांच्या होड्या जप्त केल्या, मोडल्या. होडी गेली म्हणजे कोळ्याची मासळी गेली, कुंभाराचा बाजार गेला. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला भयंकर वादळ झालं, त्यात पीक गेलं. उरलेला माल व्यापाऱ्यांनी दाबून ठेवला. तांदळाचे भाव आभाळाला भिडले. कलकत्त्यातल्या युद्धाच्या कारखान्यांना धान्य मिळत होतं, खेड्यातला भूमिहीन माणूस मात्र रस्त्यावर पडून मरत होता. त्या दुष्काळात आणि पाठोपाठ आलेल्या रोगराईत तीस लाखांच्या आसपास माणसं गेली असं अभ्यासक सांगतात. यातली बहुतेक शेतमजूर, मच्छीमार, कारागीर. बंदुकीची एकही गोळी न लागता युद्धात मेलेली माणसं.

आणि वृत्तपत्रं काय करत होती? युद्धकाळाचे कायदे होते, सेन्सॉर होता. सरकारने अधिकृतपणे 'दुष्काळ' जाहीरच केला नाही, कारण जाहीर केला तर मदतीची जबाबदारी अंगावर येते. शब्द टाळला की प्रेतंही टाळता येतात असा हिशोब. पहिल्या पानावर आफ्रिकेची लढाई, रशियाची लढाई, आणि दारात मरणारा माणूस कुठेच नाही. शेवटी २२ ऑगस्ट १९४३ ला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' या इंग्रजांच्याच वृत्तपत्राने, इयान स्टीफन्स या संपादकाने, दुष्काळाचे फोटो छापले आणि जगाला कळलं. सगळे पत्रकार वाईट नसतात हे यावरून लक्षात ठेवा. पण एवढं छापून यायला किती मरणं व्हावी लागली तेही लक्षात ठेवा.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यात फिरले. वही आणि शाई घेऊन, गावोगाव. ते माणसाजवळ बसत, त्याच्याशी बोलत, मग त्याचं चित्र काढत. आणि कित्येक चित्रांखाली त्यांनी लिहून ठेवलं, की या माणसाचं नाव हे, गाव हे, घरात कोण होतं, कोण गेलं. बंधूंनो, माझ्या आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या: सरकारने आकडा लिहिला, चित्तप्रसादने नाव लिहिलं. आकड्याला कोणी रडत नाही. नाव असलं की त्याला आई असते, घर असतं, गाव असतं.

त्या दौऱ्यावर त्यांनी 'हंग्री बेंगॉल', म्हणजे 'भुकेला बंगाल', असं पुस्तक केलं. ते आपल्या मुंबईतून निघालं. पक्षाचं मुख्यालय तेव्हा इथेच होतं. इंग्रज सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. विचार करा, ज्या सरकारजवळ रणगाडे होते, विमानं होती, ते सरकार शाईच्या रेघांना घाबरलं. एक प्रत घरच्यांनी जपून ठेवली म्हणून वाचली, आणि त्या प्रतीवरून २०११ साली दिल्लीच्या एका कलादालनाने ते पुस्तक पुन्हा छापलं. घरच्यांनी जपलेला कागद सत्तर वर्षांनी साक्ष देतो. आपल्या घरात मोर्च्यांची पत्रकं, जुन्या स्मरणिका, 'प्रबुद्ध भारत'चे अंक असतील तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला घालू नका, हे जाता जाता सांगतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चित्तप्रसाद यांचा पक्ष तेव्हा युद्धाच्या विरोधात नव्हता. हिटलरला हरवलंच पाहिजे, हे लोकांचं युद्ध आहे, अशी पक्षाची भूमिका होती. बाबासाहेबसुद्धा त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि नाझींचा पराभव झाला पाहिजे असंच त्यांचं मत होतं. १९४१ साली महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. तेव्हा युद्ध म्हटलं की सगळं सरसकट चूक, असं सोपं उत्तर त्या पिढीला परवडणारं नव्हतं. पण युद्ध बरोबर आहे असं मानणाऱ्या माणसानेही, त्या युद्धाच्या नावाखाली गरिबाचं ताट कोण ओढून नेतो ते डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि छापलं. आपण ज्या बाजूला आहोत त्या बाजूचं झाकायचं नाही, हा धडा त्यांच्याकडून घ्यायचा.

१९४६ सालापासून चित्तप्रसाद अंधेरीला राहू लागले. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीला मुंबई बंदरात नाविकांचं बंड झालं. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या हे त्याचं तात्कालिक कारण. २२ फेब्रुवारीला गिरणी कामगारांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी हरताळ केला. गोळीबारात मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. मोठे नेते नाविकांना शरण जा म्हणून सांगत होते. चित्तप्रसाद यांच्या चित्रांत मात्र नाविक आणि कामगार खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. आमच्या गिरणगावच्या इतिहासातलं ते पान त्यांनी चित्रात धरून ठेवलं आहे.

१९४८ नंतर ते पक्षाच्या संघटनेपासून दूर झाले, पण काम तेच राहिलं. जागतिक शांतता चळवळीसाठी त्यांनी ठसे केले. लहान वयात राबणाऱ्या मुलांवर त्यांनी एक ठशांची मालिका केली. ओझं वाहणारी, बूट पुसणारी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन काम करणारी मुलं. ती पुढे १९६९ साली डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने पुस्तकरूपाने काढली. 'परीकथा नसलेले देवदूत' असा त्या नावाचा अर्थ. आपल्या वस्तीत ज्याचं बालपण गेलं त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. झोपडपट्टीतल्या मुलांसाठी त्यांनी 'खेलाघर' नावाचा बाहुल्यांचा खेळही चालवला. पैसा कधी मिळाला नाही. १९७८ च्या नोव्हेंबरात ते कलकत्त्याला गेले. २०१७ साली जर्मनीत कासेल इथल्या जगप्रसिद्ध 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. जगाने शोधून काढलं, अंधेरीला अजून पत्ता नाही.

आता हा ठसा म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण पुढे मला तुमच्याकडून एक काम हवं आहे. मी गिरणीत साचा खात्यात होतो. पण शेजारी छपाई खातं होतं, तिथलं काम पाहिलेलं आहे. जमिनीवर अंथरायला लिनोलियम म्हणून एक जाड पत्रा मिळतो. तागाच्या कापडावर जवसाच्या तेलाचा आणि बुचाच्या भुग्याचा थर. लाकडापेक्षा मऊ, म्हणून कोरायला सोपा. त्यावर चित्र उलटं काढायचं. अक्षरं असतील तर तीही उलटी. जिथे पांढरं हवं तिथे कोरून काढायचं, जिथे काळं हवं तिथे ठेवायचं. रूळाने शाई लावायची, वर कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीने घासायचा. कागद उचलला की चित्र सुलट. एका ठशातून शंभर, दोनशे प्रती. यंत्र नको, वीज नको, कोणाची परवानगी नको. छापखान्यावर पोलीस आला तर छापखाना बंद होतो. लिनोचा तुकडा पिशवीत घालून नेता येतो.

आणि या कलेत अर्धवट काही नसतं. काळं तरी किंवा पांढरं तरी. म्हणून ती दुरून दिसते, भिंतीवर दिसते, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळते. चित्तप्रसाद अंधेरीत हे करत होते तेव्हा इकडे घाटकोपरच्या चिराग नगरात अण्णा भाऊ साठे तेच काम डफावर करत होते. बंगालच्या दुष्काळावर 'बंगालची हाक' हा पोवाडा आणि युद्धावर 'स्टालिनग्राडचा पोवाडा' अण्णा भाऊंनी लिहिला. अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकातून ते कामगार वस्त्यांत गात. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस आणि पदवी नसलेला चित्रकार. वृत्तपत्रं ज्यांना जागा देत नव्हती त्यांची बातमी या दोघांनी दिली, एकाने गळ्यातून, एकाने हातातून.

वृत्तपत्रांत आपल्याला जागा नाही हे आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' का काढला? आमच्यावर होणारा अन्याय छापायला जागाच नव्हती म्हणून. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात घेतली नव्हती. आणि चित्रांचं म्हणाल तर, इंग्रजी वृत्तपत्रांनी बाबासाहेबांवर काढलेली शंभरावर व्यंगचित्रं उन्नामती श्याम सुंदर यांनी २०१९ साली एका पुस्तकात एकत्र केली आहेत. ती बघा. कुठे बाबासाहेब बुटके, कुठे रडके, कुठे बाईच्या वेषात. ते चित्र काढणारे नामवंत होते, देशभक्त होते. म्हणून चित्र म्हटलं की ते खरंच असतं असं मानू नका. हातात लेखणी असो की कुंचला, तो कोणाच्या बाजूला बसला आहे हे विचारावंच लागतं.

माझ्या घरचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. वडील संपात होते, मी शाळकरी होतो. संप फुटला, कामगार कामावर परतले, अशा बातम्या सकाळी वाचायच्या, आणि वडील समोर बसलेले. आईने भांडी विकायला काढलेली. वडील म्हणायचे, "पेपरात मी कामावर गेलोय, मग पगार कुठाय?" सगळे हसायचे. पण त्या दिवसापासून छापलेलं वाचताना मी घरातल्या माणसाकडे एकदा बघून घेतो.

आणि घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर तर आपल्या छातीवरच कोरलेलं आहे. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि गोळीबारात दहा जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या घातल्या असं सांगण्यात आलं, आणि ते छापलंही गेलं. पुढे गुंडेवार आयोगाने गोळीबाराचं समर्थन केलं नाही. २००९ साली न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवलं. त्या दिवसांत लोकशाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षं लावून 'जयभीम कॉम्रेड' हा चित्रपट २०११ साली पुरा केला. टँकरची गोष्ट एका दिवसात पसरली, खरं लोकांपुढे यायला बारा-चौदा वर्षं लागली. खोट्याला मोटार असते, खऱ्याला पायी यावं लागतं. म्हणून पायी चालणारी माणसं लागतात.

तुम्ही म्हणाल, ही सगळी जुनी गोष्ट झाली, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, सगळं दिसतं. खरंच दिसतं का? मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाचे चार दिवस आठवा. रात्री काही वाहिन्यांनी सांगितलं की कराची बंदर उद्ध्वस्त झालं. सकाळी कळलं की तसं काही झालेलं नाही. पडद्यावर भोंगे वाजत होते, निवेदक ओरडत होते. आपल्याच चाळीत मुलं ते व्हिडिओ पुढे पाठवत होती, त्यातले काही तर संगणकावरच्या खेळातले निघाले. आणि त्याच वेळी सीमेवरच्या पूंछमध्ये तोफगोळ्यांनी सामान्य माणसं मरत होती. त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? १९४३ साली न सांगून लपवलं, आज ओरडून लपवतात. परिणाम एकच, मेलेल्या माणसाला नाव नाही.

बाहेरच्या जगातही काही माणसं याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली आहेत. इंग्लंडमध्ये बँक्सी या टोपणनावाचा एक चित्रकार आहे. रात्री भिंतीवर साचा ठेवून रंग फवारतो. व्हिएतनाम युद्धात, १९७२ साली, नापाम बॉम्बने भाजलेली एक लहान मुलगी रस्त्यावरून रडत पळते आहे, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. बँक्सीने २००४ च्या एका ठशात त्या मुलीचे दोन हात दोघांच्या हातात दिले. एका बाजूला मिकी माऊस, दुसऱ्या बाजूला मॅकडोनाल्डचा विदूषक. दोघे हसताहेत, ती रडते आहे. अर्थ काय? युद्धाचं दुःखसुद्धा आम्ही करमणूक म्हणून, जाहिरातींच्या मधे, खात-पीत बघतो. पण गंमत बघा, त्याचे ठसे आज श्रीमंत लोक कोट्यवधींना विकत घेतात. २०१८ साली लंडनच्या लिलावात त्याचं एक चित्र दहा लाख पौंडांवर विकलं गेलं आणि हातोडा पडताच चौकटीत बसवलेल्या यंत्राने ते अर्धं फाडलं. फाटल्यावर किंमत आणखी वाढली! बाजार निषेधालाही विकून खातो. म्हणून ठसा कलादालनात गेला की काम संपलं असं समजू नका. तो वस्तीत राहिला पाहिजे.

दुसरी एक बाई, जर्मनीची केथे कोलवित्झ. तिचा नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीतला डॉक्टर. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अठरा वर्षांच्या पीटर या मुलाने सैन्यात जायचा हट्ट धरला. बाप नाही म्हणत होता. आईने रदबदली करून परवानगी मिळवून दिली. त्याच ऑक्टोबरात पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. पुढची सगळी वर्षं ती आई चित्रं करत राहिली. 'युद्ध' नावाची लाकडी ठशांची सात चित्रं केली. त्यात एकही सैनिक लढताना ठळक दिसत नाही. आई-बाप दिसतात, विधवा दिसते. एका चित्रात सगळ्या आया एकमेकींना बिलगून कडं करून उभ्या आहेत आणि मधून पोरं डोकावताहेत. १९२४ साली तिने 'युद्ध पुन्हा नको' हे पोस्टर केलं.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरातली मुलं सैन्यात आहेत. महार रेजिमेंटचा अभिमान आपल्याला आहे आणि राहील. भीमा कोरेगावला आपण मानवंदना देतो. युद्धाविरुद्ध बोलणं म्हणजे सैनिकाचा अपमान, असं कोणी सांगितलं तर त्याला विचारा, तुझ्या घरातलं कोण सीमेवर आहे? ज्या आईचा मुलगा सीमेवर आहे ती टीव्हीवर युद्धाची आरोळी ऐकून टाळ्या वाजवत नाही. ती चॅनल बंद करून फोनची वाट बघते. सैनिकाची काळजी तिच्याइतकी कोणाला नसते.

बंधू-भगिनींनो, बुद्धाने कालामांना काय सांगितलं? परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. तोच नियम आपण चित्राला लावायचा. मोबाईलवर, टीव्हीवर, वृत्तपत्रात युद्धाचं चित्र आलं की तीन प्रश्न विचारायचे. हे चित्र करणारा तिथे गेला होता का? यात कोण दिसत नाही? आणि जो मेला त्याचं नाव काय? तिन्हींचं उत्तर मिळेपर्यंत ते पुढे पाठवायचं नाही. पंचशीलातलं चौथं शील हेच सांगतं. खोटं बोलू नये, यात खोटं पुढे ढकलू नये हेही आलं.

आता ते काम, जे मला तुमच्याकडून हवं आहे. आपल्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. महिन्यातून एक रविवार ठसे कोरायला द्या. लिनोचा पत्रा चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. कोरणी महाग वाटली तर छत्रीची मोडकी काडी घासून धार लावता येते, ते मी शिकवीन, आम्ही गिरणीवाले मोडक्यातूनच चालवत आलो. मोठ्यांनी हाताला कापणार नाही याकडे लक्ष द्यायचं, एवढंच. मुलांनी आजी-आजोबांजवळ बसावं, त्यांची हकीकत ऐकावी, संपाची, मोर्च्याची, गावाकडच्या दुष्काळाची, आणि त्या माणसाचा चेहरा कोरावा. खाली नाव आणि गाव लिहावं, उलट्या अक्षरांत, म्हणजे सुलट उमटेल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या फुटपाथवर आपण पुस्तकं, कॅलेंडर, फोटो विकत घेतो. त्याच फुटपाथवर आपल्या विहाराच्या मुलांचे ठसे असावेत, चहाच्या किमतीत, कोणालाही घरी नेऊन भिंतीला लावता येतील असे.

अध्यक्षांनी मला वीस मिनिटं दिली होती, ती कधीच संपली. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी पत्रे आणि शाई घेऊन विहारात बसतो. ज्यांच्या मुलांना यायचं असेल त्यांनी जुनी वर्तमानपत्रं बरोबर पाठवावीत, खाली अंथरायला लागतील. त्या कामाला ती फार चांगली असतात.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द पुरे करतो. नमो बुद्धाय! जयभीम!